मला बोट लागली!

आमच्या देऊळगाव राजाला समुद्र नाही. म्हणजे कुठूनही बघा, समुद्र आमच्यापासून लांबच. गावात बालाजी महाराजांचं मंदिर आहे, शिवारात कापूस आणि सोयाबीन आहे, शेडनेटमधले बियाण्यांचे प्लॉट आहेत, जवळच जिजाऊंचं सिंदखेड राजा आहे. खारं पाणीच बघायचं तर जिल्ह्यात लोणारचं सरोवर आहे, पण त्यात शीड उभारून कोणी हिंडत नाही. नळाला पाणी किती दिवसांनी आलं, हा उन्हाळ्यात आमच्याकडे गप्पांचा पहिला विषय असतो. अशा गावची मी. आणि गेल्या हिवाळ्यात मी चक्क सत्तर दिवस एका शिडाच्या बोटीवर राहून आले!

थांबा, बोट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर क्रूझ आली असेल. स्विमिंग पूल, बुफे, रात्री डीजे... तसलं काही नाही. छत्तीस फूट लांबीची, १९८६ साली बांधलेली, तीन हात फिरलेली फायबरग्लासची बोट. आत दोन झोपायच्या जागा, एक टेबल, दोन बर्नरची शेगडी आणि हातपंपाने फ्लश करायचा संडास. वाकडमधला माझा वन आरके त्यापुढे राजवाडा वाटावा!

ही बोट माझ्या आतेभावाची. दादा बारा वर्षं मर्चंट नेव्हीत होता. वहिनी आर्किटेक्ट. दोघांनी सगळा हिशोब मांडला, पुण्यातला फ्लॅट भाड्याने दिला आणि मलेशियात, लंकावीला जाऊन ही जुनी बोट विकत घेतली. किंमत विचाराल तर तेवढ्या पैशांत आज पुण्यात वन बीएचकेसुद्धा आला नसता. नातेवाइकांनी त्यांना वेड्यात काढलं. मीही काढलं होतं, खोटं कशाला बोलू?

पण मग तो गुरुवार आला. रात्रीचे अकरा. हिंजवडीहून निघालेली मी वाकडच्या पुलाखाली अडकलेले. कानात हेडफोन, हेडफोनमध्ये क्लायंट, क्लायंटच्या तोंडी तोच एक प्रश्न... ‘रिलीज कधी?’ मी ‘येस, शुअर’ म्हणाले, फोन म्यूट केला आणि रडायला लागले. कारण विचाराल तर काहीच नाही. ना ब्रेकअप, ना वाईट अप्रेजल. एकतीस वर्षांची टीम लीड, बाइकवर बसून हेल्मेटच्या आत रडतेय! शेजारचा रिक्षावाला काच नसलेल्या बाजूने वाकून म्हणाला, ‘मॅडम, पाणी देऊ का?’

त्याच रात्री दादाला मेसेज केला. उत्तर आलं, ‘एक बर्थ रिकामा आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी बेटाबेटांवरून फिरणार आहोत. येतेस?’

ऑफिसात बिनपगारी सुट्टी मागितली. बॉसने आधी ‘ऑल वेल?’ विचारलं, मग ‘रिजॉइन करशील ना?’ विचारलं. हो म्हणाले. खरी परीक्षा पुढेच होती. अण्णा.

आई गेल्यापासून अण्णा घरी एकटे. सहा एकर शेती, एक गाय, बालाजीच्या मंदिरातली रोजची फेरी. मी एकुलती एक. रविवारी सकाळी फोन केला.

‘अण्णा, मी तीन महिने बोटीवर राहायला चाललेय.’

बराच वेळ शांतता. मग, ‘काहून? पुण्यात खोली भेटंना का?’

मी त्यांना सगळे दाखले दिले. सांगितलं, की कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने शिडाच्या बोटीतून जगाला फेरी मारली, आणि असं करणारे ते पहिले भारतीय. ती ‘म्हादेई’ बोटही गोव्यातच, दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली. सांगितलं, की २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा पोरी ‘तारिणी’तून २५४ दिवसांत जग फिरून गोव्याला परत आल्या. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘ते नेव्हीवाले. तू कोण?’

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण फोन ठेवताना तेच म्हणाले, ‘पोहता येतं तुला. मीच शिकवलंय.’ परवानगी मिळाली, असं मी समजून घेतलं. पोहणं मी शिकले ते आमच्या मळ्यातल्या विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून. तिसऱ्या दिवशी अण्णांनी न सांगताच भोपळा सोडून टाकला होता!

तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी मुंबई, क्वालालंपूर, लंकावी असं करत तेलागा हार्बरला पोचले. डिसेंबरच का? यात एक साधा फंडा आहे, आणि तो आपण सातवी-आठवीच्या भूगोलात शिकून विसरलेलो असतो. मान्सून वर्षातून दोनदा दिशा बदलतो. पावसाळ्यात तो नैर्ऋत्येकडून येतो. तेव्हा अंदमान समुद्राच्या पूर्व काठावर, म्हणजे थायलंड-मलेशियाच्या पश्चिम किनाऱ्यावर लाटा आणि पाऊस नुसते धिंगाणा घालतात. हिवाळ्यात वारा ईशान्येकडून, म्हणजे जमिनीवरून येतो. मधे डोंगर आडवे. त्यामुळे किनाऱ्याजवळ शीड भरायला पुरेसा वारा असतो आणि समुद्र बऱ्यापैकी सपाट. आकाश कोरडं. म्हणून जगभरचे बोटीवर राहणारे लोक साधारण डिसेंबर ते मार्च या पट्ट्यात येऊन थांबतात. कोणी सत्तरीतलं जर्मन जोडपं, कोणी दोन लहान पोरं घेऊन निघालेलं फ्रेंच कुटुंब. पोरांची शाळा बोटीवरच. संध्याकाळी डिंगी, म्हणजे छोटी रबरी होडी, वल्हवत एकमेकांकडे चहाला जायचं. अगदी आपल्या वाड्यासारखं, फक्त वाडा तरंगता!

आणि गंमत बघा, या परक्या मुलुखात मला पहिल्याच आठवड्यात ओळखीचे शब्द भेटले. मलय भाषेत ऋतूला ‘मुसिम’ म्हणतात. आपला मोसम. ‘बंदर’ हा शब्दही तिथे आहे, फक्त आता त्याचा अर्थ शहर. जहाजाच्या कप्तानाला ‘नाखोदा’. आपल्या कोकणातला नाखवा! अरब आणि पर्शियन व्यापाऱ्यांनी मोसमी वाऱ्यांवर स्वार होऊन हे शब्द दोन्ही किनाऱ्यांवर टाकले आणि ते तिथे रुजले. मलाच काय ते इथे यायला एवढा उशीर झाला होता.

पहिले तीन दिवस मात्र मी यातलं काहीही अनुभवलं नाही. मला बोट लागली. मराठीत हा वाक्प्रचार किती साधा वाटतो ना? गाडी लागते तशी बोट लागते. पण गाडी थांबवून खाली उतरता येतं, बोटीवरून कुठे उतरणार? पहिल्या तासात वाटतं, आता मरणार. तिसऱ्या तासात वाटतं, मेलो तर बरं होईल. वहिनी म्हणाली, ‘खाली केबिनमध्ये बसू नकोस, वर ये, क्षितिजाकडे बघ आणि सुकाणू हातात धर.’ कारण असं, की आत बसलं की डोळे सांगतात सगळं स्थिर आहे आणि कानातला तोल सांगतो सगळं हलतंय. या भांडणात पोटाचा बळी जातो. क्षितिजाकडे बघितलं की दोघांचं एकमत होतं. सुकाणू धरल्यावर अर्ध्या तासात मी माणसात आले. हा उपाय नंतर मी इतरही बऱ्याच गोष्टींना लावून बघितलाय. असो.

चौथ्या दिवसापासून मी बोटीवर जरा उपयोगाची झाले आणि तेही एका अनपेक्षित कारणाने. पाणी! टाकी अडीचशे लिटरची. माणसं तीन. पुढची टाकी भरायला दहा-बारा दिवस. दादाने मला भीत भीत समजवायला सुरुवात केली, की भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची, शेवटी वाटीभर गोड्या पाण्याने विसळायची, अंघोळ समुद्रात आणि मग दोन तांबे गोडं पाणी... मला हसू यायला लागलं. अरे, हे मला कोण शिकवतंय? भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं झाडांना, ड्रमच्या तळातलं गाळून गायीला, हे मी दुसरीत असल्यापासून करतेय! आमच्या तालुक्यात खडकपूर्णेवर संत चोखासागर झाला, पण ड्रम भरून ठेवायची सवय काही हातातून गेली नाही. दहाव्या दिवशी टाकी अर्धी शिल्लक निघाली, तेव्हा फ्रेंच कुटुंबातली आई माझ्याकडून टिप्स घेऊन गेली. दुष्काळी भागातलं बालपण कधी रिझ्युमेमध्ये टाकता येईल, असं वाटलं नव्हतं.

दुसरी गोष्ट दोरांची. बोटीवर ‘दोरी’ असं काही नसतंच. शीड वर चढवायचा तो हॅलियार्ड, शीड आवळायचा-सैल करायचा तो शीट, बोट धक्क्याला बांधायचा आणखी वेगळा. नवीन माणूस गोंधळून जातो. मी नाही गोंधळले. आमच्याकडे तरी दोरीला दोरी कोण म्हणतं? मोटेचा नाडा वेगळा, बैलाचा कासरा वेगळा, गायीचं दावं वेगळं, गाडीवर कडबा आवळायचा सोल वेगळा. ज्याचं काम वेगळं त्याचं नाव वेगळं. आणि डोलकाठी बघितल्यावर तर मला थेट आमची यात्रा आठवली. आश्विनात बालाजी महाराजांच्या यात्रेत लाठा मंडपोत्सव असतो. उंचच उंच लाकडी लाठा माणसं दोरांच्या जोरावर उभ्या करतात, त्यांच्यावर मंडप चढतो. काठी, दोर आणि कापड. म्हणजे शिडाचं सगळं सामान आमच्या गावात होतं, फक्त खाली पाणी नव्हतं!

मग आमचं रूटीन लागलं. सकाळी सहाला जाग, नांगर उचलायचा, चार-पाच तास शीड, दुपारी पुढच्या बेटाशी नांगर. बोटीचा वेग पाच नॉट, म्हणजे ताशी सव्वानऊ किलोमीटर. पुण्याहून देऊळगाव राजा साधारण सव्वातीनशे किलोमीटर. या वेगाने घरी जायला पस्तीस तास लागले असते! सुरुवातीला माझे हात नुसते शिवशिवायचे. सारखा फोन बघायचे. दोन आठवड्यांनी लक्षात आलं, की आपण दुपारभर ढग कुठे चाललेत एवढंच बघितलं आणि तरी दिवस वाया गेल्यासारखा वाटला नाही.

बोटीवर भाकरी करणं हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. शेगडी अशी टांगलेली असते की बोट झुकली तरी ती सरळ राहते. पण भाकरी थापणारी बाई कुठे टांगलेली असते? मी एका पायाने कपाटाला रेटा देऊन ज्वारीची भाकरी थापायचे. पिठलं, ठेचा, शेंगदाण्याची चटणी... फ्रीज लागत नाही आणि महिनाभर टिकतं. सोलर पॅनेलवर चालणाऱ्या बोटीला आपलं जेवण फार सोयीचं आहे, हे मी पैजेवर सांगते.

नाताळच्या सुमारास आम्ही लिपे बेटाशी होतो. थायलंडच्या तारुताओ नॅशनल पार्कच्या परिसरातलं हे छोटं बेट. काचेसारखं पाणी. रात्री दोनला अलार्म वाजला. नांगर सरकत होता! नांगराचं गणित असं, की पाणी जेवढं खोल त्याच्या पाचपट साखळी सोडायची. आठ मीटर पाण्यात चाळीस मीटर. वजनापेक्षा साखळी आडवी पडून ओढली गेल्यामुळे नांगर रुततो. पण खाली प्रवाळ आणि वरून वाऱ्याचे सपकारे आले की गणित फसतं. बाहेर आले तर काळोख, वारा अंगावर येतोय आणि मागच्या बोटीचा दिवा हळूहळू मोठा होतोय. म्हणजे आम्ही तिच्याकडे सरकतोय. दादा इंजिनवर, वहिनी टॉर्च घेऊन, मी पुढच्या टोकाला. साखळी वर घेतली आणि जवळच्या मोकळ्या बोयाला बोट बांधायची ठरलं. वहिनीने आकड्याने बोयाची कडी वर ओढून धरली. ‘बांध!’ दादा ओरडला.

मला दोन आठवडे बोलाइन नावाची गाठ शिकवत होते. ससा बिळातून बाहेर येतो, झाडाला फेरी मारतो, परत बिळात जातो... त्या क्षणी मला ससाही आठवेना आणि झाडही. हातांनी आपोआप भलतीच गाठ मारली. दाव्याची. गायीच्या गळ्यात मारतात ती. अण्णांनी मला सहाव्या वर्षी शिकवलेली. ‘जनावर कितीबी ओढू दे, फास बसला नाही पाहिजे आन् आपल्याला एका झटक्यात सोडता आली पाहिजे.’

बोट रात्रभर तिथेच राहिली. सकाळी दादा ती गाठ बघायला गेला आणि हसत आला. म्हणाला, ‘हीच तर बोलाइन आहे!’ दुसऱ्या बाजूने मारलेली, एवढाच फरक. मी अण्णांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, ‘मंग? गायीला ठाव असतं का, दोर कोण्या देशाचा हाय?’ पण मला कळलं, की त्या दिवशी मंदिरात त्यांनी ही गोष्ट किमान दहा जणांना सांगितली.

जानेवारीत आम्ही वर सरकत गेलो. मुक बेटावरची मरकत गुहा बघितली. डोंगराच्या पोटातून ऐंशी मीटर काळ्याकुट्ट बोगद्यातून पोहत जायचं आणि अचानक चहूबाजूंनी कड्यांनी वेढलेला छोटा किनारा समोर येतो. मला पुन्हा आमची विहीर आठवली. फांग-ङाच्या आखातात समुद्रातून सरळ वर उठलेले चुनखडीचे सुळके बघितले. फी-फी बेटावर जागोजागी त्सुनामीच्या वेळी कुठे पळायचं त्याचे बाण लावलेत. २६ डिसेंबर २००४ ला या सगळ्या किनाऱ्याने फार सोसलं. दादाने तिथेच सांगितलं, की खोल समुद्रातल्या बोटींना ती लाट जवळपास जाणवतही नाही. पाणी उथळ होत जातं तशी ती उंच होते. धोका खोल पाण्यात कमी, काठाशी जास्त. मी ‘वॉव, इंटरेस्टिंग’ म्हणाले आणि विसरून गेले.

फेब्रुवारीतला एक मंगळवार. आम्ही फुकेतहून परतीला निघालो. फुकेत ते लंकावी साधारण सव्वाशे नॉटिकल मैल. मधे न थांबता एका दमात जायचं ठरलं. दुपारपर्यंत फोनची रेंज गेली. खरं सांगते, मला बरं वाटलं. रात्री तीन-तीन तासांची पाळी लावली. माझी पाळी बारा ते तीन. कमरेचा पट्टा बोटीला अडकवलेला, हातात सुकाणू, बाकी दोघं झोपलेले. क्षितिजावर हिरवा उजेड पसरलेला. थायलंडच्या मासेमारी बोटी स्क्विड पकडायला हिरवे दिवे लावतात, त्यांचा तो उजेड मैलोन्‌मैल दिसतो. बोटीच्या मागे पाणी चमकत होतं. सूक्ष्म जीव असतात पाण्यात, हलवलं की उजळतात. मला वाटलं, हाच तो क्षण. यासाठीच आलो होतो आपण. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणालाही कशाचंही उत्तर देणं लागत नव्हते.

बुधवारी सकाळी अकराला लंकावीचे डोंगर दिसले आणि फोनला रेंज आली. तो थरथरायला लागला तो थांबेचना. एकोणतीस मिस्ड कॉल. काका, काकू, शेजारचा पोरगा, पुन्हा काका. शेवटचा मेसेज, ‘अण्णा आता बरे आहेत. फोन कर.’

मंगळवारी संध्याकाळी अण्णांच्या छातीत दुखायला लागलं. शेजारच्या पोराने आणि काकांनी त्यांना गाडीत घालून जालना, आणि तिथून छत्रपती संभाजीनगर गाठलं. रात्रीच अँजिओप्लास्टी झाली. कागदावर सही काकांनी केली. ‘पेशंटशी नातं’ या रकान्यात त्यांनी ‘चुलतभाऊ’ लिहिलं. डॉक्टरांनी विचारलं होतं, ‘मुलंबाळं?’ काका म्हणाले, ‘एक मुलगी आहे. समुद्रात आहे.’

हे वाक्य काकांनी मला सहज सांगितलं. टोमणा अजिबात नव्हता. पण ते माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. मी समुद्रात पाणी चमकताना बघत होते, कुणाला उत्तर देणं लागत नाही म्हणून खूश होते, आणि तिकडे कुणीतरी माझ्या नावाचं उत्तर मागत होतं.

रेंज नसतानाही मेसेज पोचेल असं सॅटेलाइटवरचं छोटं यंत्र मिळतं. दादा ते घेणार होता, पण ‘पुढच्या महिन्यात बघू’ असं चाललं होतं. मी भारतातून नेऊ शकले नसते, कारण आपल्याकडे परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगता येत नाही. पण चौकशी तरी केली असती ना? तेही केलं नव्हतं. पाण्याचा, डाळीचा, डिझेलचा हिशोब केला, आणि घरी एकटा असलेल्या अडुसष्ट वर्षांच्या माणसाचा नाही.

गुरुवारी सकाळी लंकावी सोडलं. क्वालालंपूर, मुंबई, रात्रीची ट्रेन. शुक्रवारी सकाळी हॉस्पिटलच्या वॉर्डात पोचले तेव्हा माझ्या पायांना अजून जमीन हलल्यासारखी वाटत होती. अण्णा उशीला टेकून चहा पीत होते. बारीक दिसत होते. मी पाय धरून रडायला लागले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘काळी झाली तू.’ आणि मग, ‘बोट नीट बांधून आलीस का?’

त्या संध्याकाळी मी त्यांना म्हणाले, ‘अण्णा, माझं चुकलं. मी इथे असायला पाहिजे होते.’

‘इथं म्हंजे कुठं? तू तं पुण्याला राहतेस. पुण्याहून तरी तू येईस्तोवर डॉक्टर थांबला असता का?’

बरोबर होतं त्यांचं. दहा वर्षं मी सव्वातीनशे किलोमीटरवर राहतेय आणि त्याला कुणी ‘समुद्रात आहे’ म्हणत नाही. रेंज असते म्हणून आपण जवळ आहोत असं वाटतं. पण हेही तितकंच खरं, की पुण्याहून मी पहाटेपर्यंत पोचले असते आणि समुद्रातून यायला मला तिसरा दिवस उजाडला. अण्णांनी माझा अपराध हलका केला, पण तो सगळा काही गेला नाही. जाऊही नये बहुतेक.

उरलेली सुट्टी मी देऊळगावला काढली. सकाळी त्यांच्याबरोबर हळूहळू बालाजीपर्यंत चालायचं, गोळ्यांची वेळ बघायची, गायीचं दूध काढायला मात्र त्यांनी मला हात लावू दिला नाही. मग पुण्याला येऊन रिजॉइन झाले. सगळे विचारतात, ‘मग? लाइफ चेंजिंग होतं का?’ काय सांगू? ट्रॅफिक तोच आहे, क्लायंट तोच आहे. रात्री नऊनंतरचे कॉल घेणं मात्र मी बंद केलं. बॉस आठवडाभर नाराज होता, मग त्यालाही सवय झाली. आणि महिन्यातून दोन शनिवार-रविवार मी घरी जाते. आधी वर्षातून चारदा जायचे, तेही दिवाळी धरून.

तुमच्यापैकी कुणाच्या डोक्यात असलं काही घोळत असेल तर जरूर जा. पोहायला शिका, तीन महिन्यांचा पगार बाजूला ठेवा, व्हिसाच्या तारखा तोंडपाठ करा, ठेचा न्या. पण निघण्याआधी एक कागद घ्या आणि त्यावर लिहा, की आपण रेंजबाहेर असताना घरच्यांसाठी सही कोण करणार. त्या माणसाला आधी जाऊन भेटा. त्याला सगळे रिपोर्ट, सगळे नंबर द्या. काकांकडे अशी फाइल आता आहे. तेव्हा नव्हती, तरी त्यांनी निभावलं.

यंदाच्या आश्विनात यात्रेला गेले होते. लाठा उभ्या राहताना अण्णा दरवर्षी दोराला असतात. या वर्षी डॉक्टरांनी मनाई केलेली. ते माझ्या शेजारी उभे राहून नुसते बघत होते, हाताच्या मुठी मात्र दोर धरल्यासारख्या आवळलेल्या. लाठा सरळ झाली तशी म्हणाले, ‘तुझ्या बोटीची काठी केवढी होती?’

‘पन्नास फुटाच्या आसपास.’

‘हं,’ ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, ‘दादाचा फोन आला होता. ते मेसेजचं यंत्र घेतलंय म्हणे त्यानं. डिसेंबरात बोलावतोय तुला.’

मी काहीच बोलले नाही. खरं तर तिकिटं बघून ठेवली होती. तीन महिन्यांची नाही, तीन आठवड्यांची. पण सांगायचा धीर होत नव्हता.

‘जाशील तं येताना त्या बोटीवरचा दोर आण चार हात,’ अण्णा म्हणाले. ‘इथल्या नायलॉनचं दावं सहा महिनेबी टिकत नाही.’